अर्ध्यावर उतरवलेली खोली

समक्ष हजर राहून सांगतो ते असे. माझे नाव वरच्या रकान्यात आले आहे. वय बावन्न, राहणार फळांच्या शीतगृहामागील चाळ. व्यवसायापुढे हवालदारसाहेबांनी 'गोदामवाला' लिहिले आहे, त्यास माझी पहिली हरकत आहे. मी भांडारपाल आहे आणि सहीखाली तसेच लिहितो.

आमच्या हवाबंद खोल्यांतला प्राणवायू उतरवून ठेवतात, म्हणजे सफरचंदे महिनोन्महिने पिकत नाहीत. शास्त्राने पाच प्राण सांगितले आहेत. तयार खोलीत एकाचीही सोय नसते. नमुन्याचे फळ आणायचे तर पाठीवर हवेची टाकी बांधून जावे, असा नियम आहे. बांधाबांधीचा कंटाळा म्हणून आमची माणसे दम धरून पळत जातात नि येतात. त्याला 'बुडी' म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान त्यात पटाईत.

मंगळवारी सकाळी तिसरी खोली अर्ध्यावर उतरली होती, म्हणजे आत निम्मा प्राणवायू उरला होता. मेहुणे त्या दिवशी टाकी शोधू लागले. मी म्हणालो, "जावईबापू, अर्ध्या खोलीत बाळंतीणसुद्धा शतपावली घालून येईल." माणसे हसली. ते म्हणाले, "मग दादा, तुमच्या शब्दाखातर बुडीही नको. श्वास घेत जातो." आणि गेले.

दाराच्या काचेतून मी पाहत होतो. अशा हवेत जीव गुदमरत नाही, उलट माणूस खुशीत येतो, हे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. मेहुणे पेट्यांमध्ये रेंगाळले, काहीतरी गाऊ लागले. दाराशी परतले तेव्हा ओठ जांभळे होते. दार बाहेर ढकलायचे असते. ते आत ओढत होते. रोजचेच दार. मी काचेवर बोट आपटून, फळ कुठे, अशी खूण केली. ते मान डोलावून पुन्हा आत गेले. दार उघडले की खोली नव्याने उतरवावी लागते, म्हणून मी थांबलो. ते पेटीवर बसले, मग कलंडले. तेव्हा उघडून आम्ही त्यांना पाय धरून ओढले. मुठीत फळ होते. नमुन्याचे म्हणून कोणीतरी ते काढून घेतले.

जीव वाचला. मेंदूला प्राणवायू कमी पडला. बहिणीला ते दवाखान्यातली बाई समजतात. मला मात्र 'दादा' म्हणतात, म्हणून ती मला रोज त्यांच्या उशाशी बसवते आणि आग्रहाने जेवू घालते.

वाचून दाखवलेला मजकूर मी सांगितला तसाच आहे. त्याखाली एवढे वाढवून घ्यावे. स्मरण परत येऊ शकेल, असे डॉक्टर म्हणतात. घरात सगळे त्याची वाट पाहत आहेत. मला त्याची भीती वाटते.