लुंबिनीची बस

(सातपूर. विहाराचा ओटा. दवाखान्यातल्या सिस्टर संजना यांच्या हातात सहलीच्या प्रवाशांची यादी. यादी करणाऱ्या प्रफुल्लचा पारा चढलेला.)

प्रफुल्ल : घामोळं म्हणायचं होतं, मावशी! उद्या बस निघायची आणि तुम्ही दवाखान्यात जाऊन सांगून आलात?

शकुबाई : घामोळ्यानं ताप येत नाय. डोळे लाल, कानामागून पुरळ. तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते मी. नातीला गोवर हाय.

संजना : रक्त तपासायला पाठवलंय, पण गोवर धरूनच चालायचं. तिच्याजवळ कोण थांबेल?

शकुबाई : सुनेनं कंपनीत रजा टाकली.

प्रफुल्ल : मग झालं की! बाकीच्यांना कशाला अडवता, सिस्टर? वर्षभर खपलोय या बसपायी.

संजना : पुरळ दिसायच्या आधीपासूनच गोवर पसरतो. रविवारी पोर कुठं होती?

शकुबाई : हितंच. सामान बांधायला सगळे जमलो व्हतो. ह्याच्या मांडीवरून त्याच्या मांडीवर.

संजना : आणि तिकडं मुक्काम?

शकुबाई : नेपाळात, एका विहारात. मागं वसतिगृह हाय, साठ लेकरं. त्यांच्यासाठी स्वेटर विणलेत आम्ही बायांनी. स्वेटरासंगं हे दुखणं न्यायचं का? म्हणून आले तुमच्याकडं.

संजना : त्या मुलांना लस मिळालीय का, ते मी विचारून घेते. आपल्यातलं कोण दुखणं नेऊ शकतं, ते आत्ता बघू. एकूण अडतीस नावं.

शकुबाई : एकतीस आम्ही म्हातारे. सगळे याच वस्तीतले. लहानपणी गोवरानं एक घर सोडलं नव्हतं. माझी धाकटी बहीण त्यातच गेली.

संजना : ज्यांना होऊन गेला, त्यांना भीती नाही. पुढं?

शकुबाई : सहा शाळेतली नातवंडं. टोचणीची कार्डं माझ्या ट्रंकेत हायेत. दोन-दोन डोस झालेत.

संजना : कार्डं दाखवा मला. झाले सदतीस. आणि एक?

शकुबाई : … प्रफुल्ल.

प्रफुल्ल : मी? मी ठणठणीत आहे!

शकुबाई : तुझी आई तुला घेऊन वीटभट्ट्यांवर फिरायची, बाळा. पाच वर्षांचा हितं आलास. एक सुई नाय तुला. गोवर पण नाय आला कधी.

संजना : लस आजच देते, दादा. पण ती संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत घ्यावी लागते. रविवारला चार दिवस झाले, या खेपेला तिचा भरवसा नाही. तीन आठवडे घरीच थांबा.

प्रफुल्ल : म्हणजे बस रद्द.

संजना : कोण म्हणालं? सदतीस जणांना खुशाल जाऊ द्या.

प्रफुल्ल : आणि मी इथं! अहो, जागान् जागा मी ठरवली. नकाशा तोंडपाठ आहे माझा.

शकुबाई : वाईट वाटतंय रे मला. लय वाईट वाटतंय. पण ती साठ लेकरं…

प्रफुल्ल : … साठ म्हणालात?

शकुबाई : साठ.

प्रफुल्ल : धरा ही यादी. ओळखपत्रं निळ्या पिशवीत आहेत. बस तुम्ही न्यायची.

शकुबाई : अरे, मी सिन्नरच्या पुढं गेले नाय कधी!

प्रफुल्ल : मी फोनवर आहे ना. फक्त नेपाळच्या नाक्यावर विचारतील, तुमचा म्होरक्या कुठाय म्हणून.

शकुबाई : सांगीन की. घरी थांबलाय म्हणावं, तुमच्या लेकरांसाठी.