भागीचं रक्त

डॉक्टर : बसा काळू. तुमची मुलगी गेली. आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी.

काळू : सकाली तर पाय हालवत होती.

डॉक्टर : आठवा महिना लागायच्या आत जन्मली ती. वजन जेमतेम एक किलो. श्वास पुरला नाही तिला.

काळू : पयला पोरगा पोटातच गेला. आता ही. माजी आई बोलते, भागीला बाधा हाय.

डॉक्टर : बाधा नाही. तुमच्या बायकोला रक्ताचा आजार आहे, सिकलसेल. हा बघा, मुंबईहून रिपोर्ट आज आला. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात. पोटातल्या बाळापर्यंत रक्त नीट पोचत नाही, मग बाळ वाढत नाही.

काळू : ह्यो कवापासून?

डॉक्टर : जन्मापासून. आईबापाकडून आलेला. अंग दुखायचं का तिचं?

काळू : हाडं दुखतात बोलायची. नव्या पनवेलच्या बिल्डिंगांना विटा लागतात, भट्टी थांबत नाय. ही मधीच खाली बसायची. आमी तिला कामचुकार बोललो.

डॉक्टर : हं.

काळू : मी मारला पन. एकदा. दिवालीनंतर.

डॉक्टर : तेव्हा तिला दिवस गेले होते.

काळू : तिसरा म्हयना. त्याच्यानं गेली का पोर?

डॉक्टर : तसं मी म्हणणार नाही. पण तिला आराम हवा होता.

काळू : औषिद हाय का?

डॉक्टर : पुरता बरा होत नाही. गोळ्या आहेत, लागलं तर रक्त द्यायचं. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच महिन्यात आणा. तरी बाळ जगेल अशी खात्री मी देत नाही. तुमचंही रक्त तपासू. तुमच्यात असलं, तर मुलांना हाच आजार होऊ शकतो.

काळू : भागीला सांगितलाय?

डॉक्टर : नाही. मी येऊ बरोबर?

काळू : नको. मीच सांगतो.

(बायकांची खोली. खाटेवर भागी, तिला रक्त चढतंय.)

भागी : पोरीला नाय आनलीस?

काळू : भागे…

भागी : कवा गेली?

काळू : मगाशी.

भागी : मला एकदा पन हातात नाय दिली.

काळू : आता देतील. मी सांगतो त्यांना.

भागी : मी माज्या बापाकडं जाते. तू दुसरी बायको कर. तुजी आई बोलते तसा.

काळू : तुज्या रक्तातच आजार हाय भागे. बारीक पोर होतीस तवापासून. डॉक्टरनी कागद दाखवला. हाडं दुखायची ती त्याच्यानंच. तू खोटा बोलत नवतीस.

भागी : ता मला ठावं होता.