चौकातला दिवा हिरवाच हुता

आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडच्या खालतीकडं, नाव नका लिवू, माझं सोयरं अजून तितं नांदत्यात. बा माझा येसकर हुता. म्हंजी गावची राखण बी त्येनंच करायची, सांगावा घेऊन पळायचं बी त्येनंच, आनि पाटील घोड्यावरनं निघाला की रस्ता सोडून खाली वगळीत, पान्याच्या चरीत, उभं ऱ्हायाचं बी त्येनंच. त्या वगळीत बाच्या बोटाला धरून उभा ऱ्हायलेला मानूस हाय मी. मागनं आमी दीक्षा घेतली, वतनाची कामं सोडली, तवा बानं त्येची घुंगराची काठी चुलीत घातली आनि तिच्यावर भाकरी भाजून घेतली, लय हासला त्या दिशी. मी मग तालुक्याच्या पेठंत नगरपालिकेत बिगारी म्हनून लागलो. आता एक कान गेलाय, गुडघं गेल्यात, पर डोसकं शाबूत हाय. आनि आमच्या गावात आजून बी म्हनत्यात, येसकराच्या नामानं लाल दिवा दावून पाटलाला मारला. ते खोटं हाय. कसं खोटं हाय ते आईका.

पेठंत चौक एकच. एक रस्ता कराडाकडं, एक मिरजंकडं, एक मंडईत घुसायचा आनि एक आमच्या गावाकडनं यायचा. साठ सालाच्या आसपासची गोष्ट, मोटारी त्या किती? यस्टी, कारखान्याचं ट्रक, दोन डाक्टरांच्या दोन गाड्या, कवातरी महाबळेश्वरला निघून वाट चुकलेली एकादी टॅक्सी. बाकी सायकली, म्हशी आनि उसाच्या बैलगाड्या, आनि गाडीवाला तर वर निजलेला असायचा, बैलंच वाट धरून चालायची. अशा चौकाला म्हनं सिग्नल! अध्यक्ष मुंबईला जाऊन आलं आनि त्येंच्या डोसक्यात किडा वळवळला, मुंबईत हाय तर आपल्यात का नगं. मग लोहाराकडनं एक खांब करून घेतला, वर पत्र्याच्या चार फळ्या, दोन तांबड्या, दोन हिरव्या, आनि खाली एक दांडा. दांडा फिरवला की वरच्या फळ्या फिरायच्या, कराडवाल्याला तांबडी दिसली की मंडईवाल्याला हिरवी. खाली दगडाचा कट्टा, वर फाटकी छत्री. पोलिसांनी उनात उभं ऱ्हायला नाक मुरडलं, म्हनलं आमी काय पानी शेंदायला आलोय व्हय, मग वरनं हुकूम आला, बिगाऱ्यातला एक गडी द्या. ओव्हरसियरनं मला उभा केला. म्हनला, नामा, नीट केलंस तर कायम करतो, आनि तुझी तांबडी मोडून कोन गेलं, कुनाला ठोकलं-बिकलं, तर परत गटारात. गटारात उतरनं म्हंजी काय ते तुमास्नी ठावं न्हाई, ठावं हुयाला नगं बी.

आता गंमत बगा. यस्टीचा ड्रायव्हर थांबायचा, ट्रकवाला शिव्या देत का हुईना थांबायचा, म्हशीवाला शेपूट धरून म्हशीला थांबवायचा, पर आमच्या गावचा पाटील थांबायचा न्हाई. पाटीलकी सरकारनं काढून घेतलीवती, तरी मिलिटरीच्या लिलावातल्या त्या खटारा जीपमदी असा ताठ बसायचा, मान म्हनून वळायची न्हाई. मी तांबडी फळी त्येच्याकडं केली की मला नीट बगायचा, वळखायचा, आनि हार्न दाबून सरळ निघायचा. एक डाव थांबला, पर ते मला सांगायला थांबला. म्हनला, येसकराच्या पोरानं थांब म्हनायचं आनि मी जीप उभी करायची व्हय रं? मी म्हनलं, आवं पाटील, मी कुटं काय म्हनतोय, फळी म्हनतीया. म्हनला, फळी कोन फिरवतंय ते दिसतंय मला. आनि गेला धुरळा उडवत. एवढी जमीन, दारात पंप, माडीवर रेडू, आनि अक्कल बगा कवडीची न्हाई. एक दिस मंडईतनं येनाऱ्या कुंभाराच्या गाढवाला ठोकलं त्येनं, गाढव लंगडं झालं, मडकी समदी फुटली. ओव्हरसियर बोलला कुनाला? मला. पाटलापुढं त्येची दातखीळ बसायची. म्हनला, आनिक एकदा असं झालं की तू हितनं हाललास म्हनून समज. आमच्या घरात त्या रातीला कुनी जेवलं न्हाई.

मग माझं नशीब म्हना का अध्यक्षांची हाऊस म्हना, इजेचा सिग्नल आला. कुटल्यातरी शेहरानं काढून टाकलेला, जुना. चार बाजूंची लोखंडी पेटी, चौकाच्या मदोमद तारंला टांगायची. वायरमननं ती उलटीच टांगली, हिरवा वर आनि लाल खाली, आनि अध्यक्षांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, भाषनं ठोकली, पर कुनाच्या बापाला कळलं न्हाई. पिवळी काच वाटंतच फुटलीवती, तितं पतंगाचा कागद चिकटवला, त्यो वाऱ्यानं फाटला, मग पिवळं-बिवळं कायच न्हाई, एकदम लाल न्हाईतर एकदम हिरवा. आनि बटनं कुटं? कोपऱ्याला यस्टीच्या थांब्यामागं एक पत्र्याची खोली केली, उभं कपाट असतंय ना तेवढी, म्होरं एक आडवी फट. आत मी. फटीतनं रस्ता बगायचा, कुटं जास्त तुंबलंय ते बगून बटन दाबायचं. भाईरनं मानूस काय दिसायचा न्हाई. लोकं समजली, मशीनच समदं करतीया, दिव्याला डोळं हाईत. शिकलेली लोकं बी, बरं का, मास्तर बी पोरास्नी तसंच सांगायचा.

आनि काय सांगू तुमास्नी, पाटील थांबायला लागला! लाल दिसला की गपकन बिरिक. मी फटीतनं बगत ऱ्हायलो, माझा इस्वास बसंना. वर मागच्या सायकलवाल्यास्नी दरडवायचा, थांबा रं, मशीन हाय ही, हिच्यापुढं लहान-थोर न्हाई, मानसावानी आपपरभाव करत न्हाई. मानसावानी, म्हनं! मी आत डोईचं फडकं तोंडाला लावून हासायचो, डोळ्यातनं पानी यायचं. ठोकाठोकी बंद झाली, ओव्हरसियरनं मला कायम केला, मी कुनाला काय बोललो न्हाई, कशाला बोलू? आता लोकं म्हनत्यात नामानं आत बसून सूड घेतला, पाटील दिसला की लाल धरून ठिवायचा. आवं, त्या एका मानसापायी मी समदी पेठ खोळंबून ठिवू? तेवढी त्येची लायकी हुती व्हय? म्हशीला जेवढा लाल, तेवढाच त्येला लाल.

मग आली खंडेनवमी. आपल्यात त्या दिशी ज्यो त्यो आपलं हत्यार पुजतो, सुतार वाकस पुजतो, न्हावी वस्तारा पुजतो, नगरपालिकेत पान्याचा बंब पुजायचे. त्या वर्षी अध्यक्षांनी काढलं, सिग्नलची बी पूजा करा. लावली शिडी, घातली झेंडूची माळ, आनि चारी बाजूच्या काचांस्नी कुकू असं फासलं, असं फासलं, की हिरवा लावला तरी भाईर तांबडाच दिसायला लागला. चारी वाटांला लाल! गाड्या तुंबल्या, यस्टी तुंबली, आनि एक मानूस हालंना, समदी त्या पेटीकडं त्वांड करून उभी. मी पूजेला गेलो न्हवतो, दीक्षेत सोडलंय आमी ते, आत बसून बटनं दाबून दाबून घायकुतीला आलो. तेवढ्यात बगतो तर पाटील जीपमधनं उतरला, पायतान काढलं, आनि पेटीला हात जोडून उभा ऱ्हायला.

अध्यक्ष म्हनले, रीत हाय, हत्यार जो चालवतो त्येनंच नारळ फोडायचा, बोलवा नामाला. ओव्हरसियरनं येऊन दार उघडलं आनि मी भाईर आलो. म्होरं पाटील, हात जोडलेलं, पाय उघडं. त्येनं माझ्याकडं बगितलं, मग पेटीकडं बगितलं, मग पेटीपास्नं माझ्या खोलीत गेलेली वायर हाय, ती टोकापतोर बगितली. ओव्हरसियर लय कौतुकानं म्हनला, ह्योच चालवतोय की पाटील, पयल्यापास्नं. मी म्हनलं, नारळ तुमीच फोडा सायेब, पर ती काच पुसा आदी, लोकं खोळंबल्यात. पाटलानं हात खाली केलं, पायतान घालायचं बी भान ऱ्हायलं न्हाई, हातात घेऊनच जीपमदी बसला. काच पुसायला मानूस शिडीवर चढस्तवर त्यो मागं फिरून गेला बी.

त्या दिशीपास्नं त्येनं चौक सोडला. बैलबाजाराच्या मागनं एक पाणंद हाय, गाडीवाटच ती, पुढं जाऊन मिरजंच्या रस्त्याला लागती. उनाळ्यात नुसता फुफाटा, पावसाळ्यात गुडघ्याएवढा रेंदा, म्हशी लोळायच्या त्यात. तितनं ह्येची जीप! दोनदा रुतली, बैलं जुपून वढून काढली. लोकं इचारायची, पाटील, चांगला रस्ता सोडून हिकडनं का वो? म्हनायचा, चौकात लय गर्दी असती. गर्दी! दुपारी चौकात कुत्री निजायची. ह्यो असला मानूस, आनि माझा बा ह्येच्यापायी वगळीत उभा ऱ्हायला जलमभर.

आता मेन सांगतो. श्रावन हुता, झड लागलीवती. दुपारच्या टायमाला गावाकडच्या रस्त्यानं जीप आली, दिवं लावलेली, हार्न थांबंना. चालवाय त्येचा पोरगा, वसंतराव. मागं पाटील आडवा, पाटलीनबाई छाती चोळतीया. मला कळलं, मिरजंला दवाखान्यात न्ह्यायला लागल्यात. मंडईकडनं ट्रक येत हुता, त्येला लाल दिला. कराडची यस्टी हुती, तिला लाल दिला. आनि गावाकडच्या वाटंला हिरवा दिला, आनि बटनावरचा अंगठा काढलाच न्हाई. समदा चौक रिकामा केला त्येच्यापायी, कुत्रं सुदिक आडवं न्हवतं. फटीला त्वांड लावून वरडलो बी, जावा, जावा, बेगीन जावा! जीप चौकाच्या तोंडाला आली आनि थांबली. हिरव्याला थांबली, आवं! आनि मग वळली पाणंदीला.

मी ट्रकला सोडलं न्हाई, वाटलं येतील मागं फिरून. ट्रकवाल्यानं माझी आई-भन काढली. मग म्हशीवाला पळत आला, जीप रुतली म्हनला. मी बटनं तशीच टाकून पळालो, थांब्यावरची चार मानसं घेतली, चिखलात उतरलो आनि मागनं खांदा लावला. पाटलाचं डोळं उघडं हुतं. मला बगून त्येनं त्वांड फिरवलं, तेवढं बळ हुतं अंगात. बैलं आनूस्तवर गेला. म्हशी लोळत्यात त्या जागंला गेला, आनि हिकडं चौक मोकळा, दिवा हिरवा. वाईट वाटलं मला त्या दिशी, खोटं कशाला बोलू, पर राग लय आला. आवं, मरताना तरी.

गावाला काय, कायतरी पायजेच. तेराव्याच्या आत उठलं, नामानं लाल धरला म्हनून जीप पाणंदीला घालावी लागली. ट्रकवाला परगावचा, यस्टीतली लोकं आपापल्या गावाला गेली, सांगनार कोन? पुढं माझ्या पोरानं आईकलं, आता नातवंडं आईकत्यात, जत्रंला गेली की कुनीतरी म्हनतंयच, ह्येच्या आज्यानं पाटलाला मारला.

आनि वसंतराव येतो की हितं. पयल्यांदा आला तवा दारातनंच म्हनला, त्या दिशी लाल हुता न्हवं? मी म्हनलं, तुमी चालवत हुता, तुमीच सांगा. आत येऊन बसला. मग म्हनला, हिरवा हुता. मी आबास्नी म्हनलं, आबा, हिरवा हाय, घालू सरळ? तर आबा म्हनलं, कुनी दिलाय ते ठावं हाय, वळीव. आनि मी वळीवली. ह्या बाजंवर बसून रडला, लय रडला. मी म्हनलं, येवडंच गावात सांगा, पारावर, चार मानसांत, दुसरं काय नगं मला. म्हनला, सांगतो की. ते सांगतोच हाय आजून, त्येची बी दाढी पिकली. घरात मला नामदेवराव म्हनतो, गावात भेटला की नामा. सून च्या देती, आमच्या कपातनं पितो, तेवढी सुधारना झालीया घरान्यात, आनि उठताना म्हनतो, आबांचं नाव जाईल वो. ज्या बापाच्या एका सबदापायी बाप गमावला, त्येचं नाव संबाळतोय!

कालच येऊन गेला. मी आता भांडत बसत न्हाई, त्येचं बी किती ऱ्हायलंय आनि माझं बी. पोरंबाळं सुखात असू द्यात त्येची, मला त्यात काय वाईट न्हाई वाटत. दारातनं मागं वळून म्हनला, नामदेवराव, कुनाला बोलू नगा हां. म्हनलं, सुखानं जावा वसंतराव, आता कुनाला बोलनार मी ह्या वयात, उद्या एकजण लिवून घ्यायला येनार हाईत, त्यास्नी तेवडं सांगनार हाय.