वरच्या कप्प्याची चाळीस मिनिटं

हॅलो?… हां ताई, बोल… अगं, कुणाचं कुत्रं भुंकतंय तिथे? त्याला आधी गप्प कर, तुझं काही ऐकू येत नाहीये.

काय रिकामं आहे? फ्रिज?… बरं, स्क्रीन. म्हणजे लशींच्या तापमानाची नोंदच दिसत नाहीये. कधीपासून?… काल दुपारपासून? आणि मला आत्ता सांगतेस!

तपासणीवाले किती वाजता येणार?… अर्ध्या तासात… हो, माहितीये गं. नोंद नसेल तर सगळ्या लशी फेकायला लावतील… उद्या वासरांना काय टोचणार, तेही माहितीये… रडू नकोस. एवढी गुरांची डॉक्टर तू, माजलेल्या बैलाच्या तोंडात हात घालतेस, आणि रिकाम्या स्क्रीनला घाबरतेस? दहा मिनिटांत लावून देते.

नाही, फ्रिजमध्ये बसवलेलं माझं यंत्र बिघडलेलं नाही… नाही म्हणजे नाही! चिप नखाएवढी आहे, पण आकडे मेमरी कार्डात साठवतेच ती. पाठवताना कुठेतरी अडतंय… थांब, बघते.

ताई, एक विचारू? काल कप्प्यांची नावं बदललीस का?… खरं सांग… काय ठेवलंस?… ‘सगळ्यात वरचा कप्पा, वासरांच्या लशी, विचारल्याशिवाय हात लावू नये.’ हे नाव आहे?… तिन्ही कप्प्यांना असंच? अगं, मी साधं एक, दोन, तीन ठेवलं होतं… नाही, हसत नाहीये. बरं, थोडं हसतेय.

ऐक ना. चिप प्रत्येक नोंद आधी पूर्ण जुळवते, मग पाठवते. कुठला कप्पा, किती वाजता, किती तापमान, आणि शेवटी कंस बंद. जुळवायला मी तिला जागा दिलीये एवढीशी… हो, अगदी मोजून. त्यात आपल्या एका अक्षराला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. तुझ्या पाट्यांनीच सगळी भरली, शेवटचा कंस बाहेर राहिला. आणि कंस बंद नसला की पलीकडचं मशीन अख्खी नोंद फेकून देतं… हो, एका कंसासाठी… हो, खडूसच आहे ते.

नाही, नावं राहू देत. चूक माझी. मला सुचायला हवं होतं… ऐकून ठेव, परत म्हणणार नाही.

उपाय? अगं, तू कशी बोलतेस? आधी सगळं मनात जुळवतेस का?… नाहीच ना! तोंडाला येईल तसा एकेक शब्द सोडत जातेस. तिलाही तेच शिकवतेय. जुळवत बसायचं नाही, तुकडा तयार झाला की लगेच पाठवायचा. मग जागा लागतेच कुठे?… हां, झालं. नवा प्रोग्राम इथूनच चढवला. फ्रिजवरचा हिरवा दिवा बघ… लुकलुकतोय? आता स्क्रीनवर बघ… आलं ना? म्हटलं होतं की नाही! थांब, कालपासूनच्या सगळ्या नोंदी येतील. चार… चार… पाच…

थांब.

ताई, काल संध्याकाळी सहा दहाला वरचा कप्पा आठ अंशांच्या वर गेलाय… बारापर्यंत. आठच्या वर लस खराब होते ना? सहा पन्नासला खाली आला. दार उघडं होतं का?… नीट आठव.

नाही. ती नोंद पुसणार नाही… ताई, नाही. मला एक मिनिट लागेल गं, तो प्रश्नच नाही. पण ती लस वासरांना टोचणार कोण? तूच ना?… मग?

ऐक तरी! मधला सहाच्या पुढे गेलेला नाही. खालचा पाचवरच. कप्प्यागणिक वेगळी नोंद आहे ना, मग फक्त वरचा जाईल, बाकीचे दोन वाचतील… हो, वासरांचाच जाईल. उद्याचं पुढे ढकल. गाईवाल्यांना फोन मी करते, एकूण एकाला.

पण तू होतीस कुठे तेव्हा?… फोनवर? दार सताड उघडं टाकून? चाळीस मिनिटं कुणाशी एवढं…

माझ्याशी.

हो… मीच केला होता. यंत्र किती छान चाललंय ते सांगायला. तेव्हा स्क्रीन रिकामीच होती… तू म्हणालीसही, ‘एक मिनिट थांब, दार…’ मी थांबलेच नाही.

आले का ते?… जा, उघड. सगळं खरं सांग. बहीण बोलत सुटली होती, तेही सांग… नाही ताई, मला काही म्हणायचं नाहीये. ठेवते.