उनकेश्वरचं गरम कुंड

बीडच्या अड्ड्यावर निजाम सरकारच्या मोटारीची वाट बघत माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. जानकीबाई गावाला निघाल्या होत्या. नणंद मंजुळाबाई त्यांना पोचवायला आल्या होत्या.

“वहिनी, दादा गेल्यावर आता एकल्याच उनकेश्वरला कावून चाललात? तुमचे गुडघे तर चांगले हायेत.”

“त्यांचे दुखायचे, वन्सं. तितल्या गरम कुंडात न्हायाला बैलगाडीनं गेलतो आमी.”

“गुण आलता का?”

“न्हाई. लंगडतच परत आले.”

“मग?”

“घरात सदा माणसं. तितं आमी दोघंच. वाफेत बसून त्यांनी मला नावानं हाक मारली.”

“दादानं? आमी तर कदी ऐकली न्हाई.”

“लई हळू मारली.”

“तुमी काय म्हनलात?”

“लाजेनं ओ देता आली न्हाई.”