मावशीची रंगवलेली खिडकी

फियोरा : तू आधी नुसतं ऐक, तेक्ला. मधे बोलू नकोस.

तेक्ला : बस तर खरी. केवढ्या धापा टाकतेयस.

फियोरा : आमच्या इमेल्दामावशीकडे तो चित्रकार राहतो ना, योरिस, हॉलंडचा?

तेक्ला : पोपडे निघालेल्या भिंतींसमोर तासन् तास बसतो तो?

फियोरा : तोच. अख्खा हिवाळा मावशीच्या हातचं खाल्लंय त्याने. आज ती पहिल्या गाडीने जिनोव्हाला गेली, डोळे दाखवायला. याला वाटलं, ती यायच्या आत काहीतरी छान करून ठेवावं. समुद्राकडच्या भिंतीवर तिची खोटी, नुसती रंगाने काढलेली खिडकी आहे ना, खाऱ्या वाऱ्याने पार पुसट झालेली? ती त्याने नव्याने रंगवली. हिरव्यागार झडपा. बंद.

तेक्ला : बंद?

फियोरा : मावशीला वाऱ्याचा त्रास होतो म्हणे, म्हणून.

तेक्ला : अगं, घरातलं कोणी गेलं तरच आपण खिडकी बंद रंगवतो.

फियोरा : ते त्या बिचाऱ्याला कुठे माहीत? होड्यांवरून दिसलं. सगळ्यांना वाटलं, मावशी जिनोव्हाच्या दवाखान्यातच वारली. मी बेकरीतून आले तर मावशीच्या स्वयंपाकघरात शेजाऱ्यांनी आणलेली सुपाची सात पातेली. काल तिला खडूस म्हणणाऱ्या बायका डोळे पुसतायत. आणि योरिसला वाटतंय, लोक खिडकी बघायला आलेत. प्रत्येकाला वाकून धन्यवाद देतोय.

तेक्ला : आणि तू गप्प बसलीस?

फियोरा : सांगणारच होते गं. तेवढ्यात बात्तिस्ताकाका आले.

तेक्ला : जाळी विणणारे? लग्नाच्या दिवशी मावशीला चर्चमध्ये उभं ठेवून पळालेले?

फियोरा : तेच. तीस वर्षं एका गल्लीत राहून एक शब्द नाही. खिडकीखाली उभे राहिले, टोपी काढली. म्हणाले, "दुसरी कोणी नव्हती, इमेल्दा. मी घाबरलो होतो. तेवढंच."

तेक्ला : अरे देवा.

फियोरा : आणि त्यांच्या मागे, पायऱ्यांवर, मावशी. हातात पिशवी, डोळे औषधाने लाल. सगळं ऐकलेलं. मी तोंड उघडणार, तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

तेक्ला : मग?

फियोरा : मी दारातच होते. काका माझ्याकडे वळले. "जाताना माझं नाव काढलं का गं तिने?" मी त्यांच्या खांद्यावरून मावशीकडे बघितलं. ती मानेने हो म्हणेना, नाहीही म्हणेना. तीही माझ्याकडेच बघत होती. सांग ना तेक्ला, तू काय म्हणाली असतीस?