निळं म्हंजी पाणी

(मांजरसुंब्याचा फाटा, ढाब्याबाहेरची बाज. भर दुपार. तळहातावर नारळ धरून जमिनीतलं पाणी सांगणारा पानाड्या आश्रुबा आणि गावच्या पाणी संस्थेची सचिव असलेली त्याची लेक मुक्ता, शहरातल्या दवाखान्यातून परतताना.)

मुक्ता : अण्णा, मायला फोनवर काय सांगितलंत तुमी?

आश्रुबा : खरं तेच. फोटूत माज्या डोस्क्यात निळंच निळं हाय म्हणलं. मागल्या अंगाला तर तळंच साचलंय. रडू नको म्हणलं, तुजा नवरा भरल्या हिरीवानी हाय.

मुक्ता : अण्णा...

आश्रुबा : आता सुंदररावला लाव फोन. चेअरमनला म्हनावं, संस्थेच्या हिरीचा पॉइंट उद्या म्याच दावनार.

मुक्ता : आधी ऐका. निळं म्हंजी पाणी न्हाई.

आश्रुबा : आता गं? नकाशात निळं म्हंजी पाणीच की. सरकारी सायबाचा नकाशा म्या सोता बघितलाय.

मुक्ता : ह्यो रगताचा नकाशा हाय. तुमच्या शिरंत औषध सोडलं, मग क्यामेरा डोक्याभवती फिरला. जिथं रगत नीट जातंय तिथं लाल-पिवळं. जिथं कमी, तिथं निळं.

आश्रुबा : म्हंजी निळं ते...

मुक्ता : कोरडं पडत चाललंय.

आश्रुबा : अरे देवा. तुजी माय गल्लीत साखर वाटत सुटली आसंल.

मुक्ता : मी सांगंन तिला.

आश्रुबा : आजच्या दिस ऱ्हाऊ दे. मला सांग. म्या भाईर बसलतो तवा डाक्टर काय म्हणला?

मुक्ता : सध्या नुसता इसरभोळेपणा हाय म्हणले. पण ह्या जागा अशा निळ्या दिसल्या की पुढं काही वर्सांत बऱ्याच जणांचं समदंच जातं. घरची माणसंबी वळखू येत न्हाईत. समद्यांचं न्हाई जात. नक्की सांगता येत न्हाई म्हणले.

आश्रुबा : न खांदता, वरनंच बघून सांगितलं?

मुक्ता : व्हय.

आश्रुबा : मंग त्योबी पानाड्याच की!

मुक्ता : हसू नका अण्णा.

आश्रुबा : हसायलो न्हाई पोरी. चाळीस वर्सं नारळ हातावर धरला की एकच मागितलं, देवा, पॉइंट फेल जाऊ दिऊ नको. आज पयल्यांदा दुसऱ्याचा फेल जावा म्हणतो. कावून न्हाई जायचा? माजे बी गेलेत की! जाऊ दे गं त्याचा फेल...

मुक्ता : जाईल. पण उद्या नारळ धरू नका.

आश्रुबा : तिसरं साल पाऊस न्हाई. टँकर आठ दिसाला. संस्थेनं घरटी एक माणूस लावून हीर खांदायची ठरवली, आन् म्या घरात बसू? माणसं इसरंन, पाणी न्हाई इसरायचा.

मुक्ता : मागल्या महिन्यात ह्याच हिरीची जागा बघाया छबुबाईच्या रानात गेलतो, आठवतं?

आश्रुबा : न आठवायला काय झालं? लिंबाखाली नारळ ताडकन हुबा राह्यला. मोठी धार हाय तिथं.

मुक्ता : तिथं तुमचीच कोरडी हीर हाय, अण्णा. दहा वर्सांखाली तुमीच पॉइंट दिलता. साठ फूट खांदलं, खडकच खडक. मग बुजवली. वर त्यो लिंब तुमीच लावलता.

आश्रुबा : ...कुणी बोललं न्हाई.

मुक्ता : तुमचा मान राखला. सुंदरराव बी खाली बघत बसले. मी बी.

आश्रुबा : तू बी? आग लागो त्या मानाला! सारं गाव उन्हात खडक फोडत बसलं आसतं. मुक्ते, लई भ्या वाटायलंय गं. माजं डोस्कं धरून बस. कुटं जाऊ दिऊ नको.

मुक्ता : हितंच हाय मी. उठा, वडवणीची गाडी आली.

आश्रुबा : जाऊ दे तिला. संस्थेची वही काढ. डोस्क्यात हाय तवर लिहून घे. त्यानं माजा नकाशा काढला, म्या गावाचा दितो.

मुक्ता : सांगा.

आश्रुबा : पयली खूण. छबुबाईचं रान, लिंबाचं झाड.

मुक्ता : लिहिलं. पाणी?

आश्रुबा : न्हाई. ठळक लिही. आन् उद्या म्या तिथंच नारळ धरून 'हाय' म्हणलो तर...

मुक्ता : तर?

आश्रुबा : खाली बघू नको. मोठ्यानं वाच.